दगा देणाऱ्या भावाला शांतीचा हात

शंका : अंधेरीतील एका गावठाणात राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबात थोरल्या भावाने वारसनोंदीचे काम आहे असे सांगून धाकट्या भावाच्या व बहिणीच्या सह्या-अंगठे घेतले, आणि तो कागद हक्कसोडपत्र, म्हणजे वडिलोपार्जित घरातील वाटा सोडून दिल्याचा दस्त, निघाला. धाकट्याने न्यायालयात दावा लावला आहे आणि दर रविवारी मिस्सेत दोघे समोरासमोर येतात. वैऱ्यावरही प्रेम करण्याची येशूची आज्ञा पाळायची, तर दावा सोडावा काय? आणि शांतीची खूण करताना त्याच्यापुढे केलेला हात हे ढोंग नव्हे काय?

समाधान : मुंबईच्या उपनगरांत ही शंका निव्वळ तात्त्विक नाही. साष्टी बेटावरील ज्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, त्यांची भातशेते वसाहती आणि कारखाने यांच्याखाली गेली (मरोळला सीप्झ या उद्योगक्षेत्राच्या कुंपणाआड उभे असलेले संत योहानाच्या जुन्या चर्चचे अवशेष त्याची साक्ष देतात), आणि अनेक घरांत हाती उरले ते गावठाणातले घरच. म्हणून त्या घराच्या कागदावर झालेला दगा केवळ रुपयांत मोजता येत नाही.

नव्या करारात विश्वासघातासाठी जे ग्रीक क्रियापद येते, ‘पारादिदोमी’, त्याचा मूळ अर्थ ‘हाती सोपवणे’ असा आहे. ज्याच्यावर भिस्त ठेवली तोच दुसऱ्याच्या हाती देतो, म्हणजे परका शत्रू असू शकतो, पण दगा देऊ शकतो तो जवळचाच. याच्यासमोर शुभवर्तमान ‘अगापे’ हे प्रेम ठेवते, आणि अगापे म्हणजे मायेचा उमाळा नव्हे, तर समोरच्याचे खरे कल्याण व्हावे असा निश्चय. तो मन कडू झालेले असतानाही करता येतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय येथे सावकाश वाचण्यासारखा आहे. येशू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्याला दगा देणारा शिष्य यहूदा अजून उठून गेलेला नाही. म्हणजे थोड्याच वेळात जे पाय शत्रूकडे चालत जाणार, तेही त्या पाण्याने धुतले गेले. मात्र त्याच भोजनात, आपल्यातलाच एक जण दगा देणार, हे येशू सर्वांसमोर बोलून दाखवतो, आणि त्यानंतर भाकरीचा तुकडा बुडवून यहूदाच्याच हाती देतो. पाय धुणे आणि सत्य बोलणे ही एकाच प्रेमाची दोन कृत्ये आहेत, आणि ज्या उपदेशात फक्त पहिले सांगितले जाते तो उपदेश फसवल्या गेलेल्यावर दुसरा अन्याय करतो.

दाव्याचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल बंधूंनी एकमेकांना न्यायालयात खेचण्यावर कडक शब्दांत टीका करतो. तथापि तोच पौल स्वतःवर अन्याय होताना कैसराकडे दाद मागतो, त्यामुळे न्यायालयाची पायरी चढणे हेच पाप, असा अर्थ काढता येत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम असा, की आधी एकट्याने भेटावे, मग एक-दोन साक्षीदार घेऊन जावे, त्यानंतर मंडळीसमोर मांडावे. हे झाले नसेल, तर दावा चालू असतानाही करावे. शिवाय धाकटा आपल्या वाट्यावर पाणी सोडू शकतो, बहिणीच्या वाट्याची उदारता त्याला दाखवता येत नाही. कॅथलिक शिकवणुकीनुसार अन्यायाने घेतलेले परत करणे ही न्यायाचीच मागणी आहे, आणि ते परत करायला लावणे थोरल्याच्याही आत्म्याच्या हिताचे आहे.

क्षमा म्हणजे पुन्हा डोळे झाकून सही करणे नव्हे. भावांच्याच दग्याने चांदीच्या वीस नाण्यांना विकल्या गेलेल्या योसेफाने मिसरात भावांना धान्य दिले, पण ओळख लगेच दिली नाही. धाकट्या बन्यामिनासाठी यहूदा (हा याकोबाचा मुलगा, शिष्य नव्हे) स्वतः गुलाम व्हायला तयार झालेला दिसला, तेव्हाच योसेफाने आपली ओळख दिली. पोट भरण्यासाठी त्याने वाट पाहायला लावली नाही, भरवशासाठी मात्र लावली.

शांतीच्या खुणेविषयी एवढे ध्यानात घ्यावे, की ती प्रभूच्या प्रार्थनेनंतर व ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी येते, आणि तेथे दिली जाते ती ख्रिस्ताची शांती. देणाऱ्याच्या मनात ती पुरेशी साठली आहे की नाही, यावर तिचा खरेपणा अवलंबून नाही. म्हणून हात पुढे करावा, किंवा तो थरथरत असेल तर दोन्ही हात जोडावेत. सोमवारी तारखेला हजर राहावे, आणि घरात लग्न निघाल्यास उंबराच्या पाण्याचे, म्हणजे लग्नाआधी विहिरीचे पाणी आणण्याच्या विधीचे, बोलावणे थोरल्याच्या दारीही न्यावे.