आधी शुभ, मग लाभ

चेन्नईत तिरुवल्लिक्केणीच्या पार्थसारथी मंदिरात आपण कधी गेला असाल. दर्शन घेऊन बाहेर आलो की रस्त्यात गाय दिसते. आपला हात तिच्या पाठीला लागतो, मग कपाळाला. आपण पुढे निघतो; ती मात्र कचऱ्यात तोंड घालते आणि उष्ट्या अन्नाबरोबर प्लास्टिकची पिशवीही गिळते. जिला आपण माता म्हणतो, तिची ही दशा का?

अशा गाईला बहुधा मालक असतो. धारेपुरती ती घरी, एरवी रस्त्यावर. कारण शहरात जागा नाही आणि वैरण महाग. त्याला लोभी म्हणून आपण मोकळे होतो. पण गाईपासून लाभ पाहणे हेच मुळात पाप आहे का?

आपल्या परंपरेत वहीच्या पहिल्या पानावर 'शुभ लाभ' लिहितात. लाभ वर्ज्य नाही. फक्त शुभ त्याच्या आधी आहे.

याचे उदाहरण तमिळनाडूतच आहे. पश्चिमेकडच्या कोरडवाहू भागात कांगेयम जातीची गुरे पाळणारे शेतकरी 'कोरंगाडू' नावाची कुरणे राखतात. भोवती गुग्गुळाच्या कुळातील काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण, खाली अंजन गवत, मध्ये हिवराची झाडे. गुरांना सावली मिळते, झाडाच्या शेंगाही खायला होतात. एका तुकड्यात चरून झाले की गुरे दुसऱ्यात जातात, तोवर पहिल्यातले गवत वाढते. राखणदार लागत नाही, वैरणीचा खर्च घटतो, जमीनही टिकते. येथे शुभ आणि लाभ यांचे भांडण नाही.

शेणाचेही तसेच. मोठे जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देते. चार-पाच गुरांच्या शेणावर २ घनमीटरचा गोबरगॅस चालतो, एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो, आणि उरलेली स्लरी शेताला खत होते. भाकड गायही शेण देतेच. म्हणजे फक्त दूध मोजणारा हिशेबच अपुरा आहे. पाप हिशेब करण्यात नाही, तो अर्धा ठेवण्यात आहे.

व्यापारात आयुष्य गेलेल्या जमनालाल बजाजांनी १९४१ साली वर्ध्यात गोसेवेचे काम हाती घेतले. गाय वाचवायची तर भक्तीला व्यवहाराची जोड हवी, हे त्यांच्यासारखा माणूस ओळखून होता.

तरीही कबूल करायला हवे की, पूर्ण हिशेब मांडूनही म्हाताऱ्या गाईच्या खात्यात कधी तूट येईल. ती तूट कोणी भरायची? एकट्या गोपाळाने? दूध आपण सर्वांनी प्यायले आहे. म्हणून दुधाचा भाव देताना घासाघीस करण्यापूर्वी थांबू या. घरातला ओला कचरा पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नये. जवळच्या गोशाळेतील एका भाकड गाईच्या चाऱ्याचा वाटा उचलता येईल का, ते घरी बसून ठरवू या.

नमस्काराला काही खर्च येत नाही. सेवेला येतो. तो आपल्या वहीत मांडला आहे का, एवढे आज पाहू या.