उद्धृत आज्ञा आणि तिचा कर्ता

‘“दार लाव,” असे तो म्हणाला’ हे वाक्य कथेत वाचणारा वाचक उठून दार लावत नाही. आज्ञार्थी क्रियापद त्याच्यासमोर असते, त्याचा अर्थ त्याला पूर्ण कळलेला असतो, तरीही आज्ञा त्याच्यापर्यंत पोचत नाही. ‘असे’ या एका शब्दाने ती अडवून धरलेली असते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत रंगमंचावरील वा काव्यातील उक्ती या गंभीर वाक्-कृतींच्या परोपजीवी मानून विवेचनाबाहेर ठेवल्या. १९७१ मध्ये देरिदा यांनी नेमका यावरच आक्षेप घेतला: कोणतेही चिन्ह संदर्भातून उचलून अन्यत्र उद्धृत करता येते, आणि अवतरणक्षमता ही चिन्हाची विकृती नसून त्याच्या चिन्हपणाची अट आहे. या वादाची चर्चा बहुधा साहित्यकृतींच्या आधारेच होत आली आहे. परंतु उद्धृत आज्ञा आणि अमलात येणारी आज्ञा यांतील सीमा जेथे प्रत्यक्ष घटना म्हणून पाहता येते, असे एक क्षेत्र समीक्षेच्या दृष्टीबाहेर राहिले आहे. ते म्हणजे संगणकीय प्रोग्रॅमने स्वतःच्या आतून ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेलला आज्ञा देणे.

या व्यवहाराचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ पासून घडवलेल्या युनिक्समध्ये शेल हा माणूस आणि यंत्रणेचा गाभा यांच्यामध्ये बसलेला वाचक आहे. ओळ लिहिली की तो ती वाचतो, तिचे पदच्छेद करतो आणि त्यानुसार कृती घडवतो. सी भाषेतील ‘सिस्टिम’ हे फंक्शन हाच वाचक प्रोग्रॅमच्या सेवेत आणते. त्याला अक्षरांची एक मालिका दिली जाते. नवी प्रक्रिया जन्मते, तिच्यात शेल सुरू होतो, मालिका त्याच्या हाती पडते आणि मूळ प्रोग्रॅम काम संपेपर्यंत थांबून राहतो. उत्तरादाखल एक आकडा येतो. शून्य म्हणजे यश. अपयशाचे आकडे मात्र अनेक, त्यांपैकी १२७ हा आज्ञाच न सापडल्याचा. (यशाला एकच चेहरा आणि अपयशाला अनेक, ही रचना कादंबरीच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.) हाती पडेपर्यंत ती मालिका निव्वळ अक्षरे असते: मोजता येणारी, जोडता येणारी, निरुपद्रवी. शेलपाशी पोचताच ती आज्ञा होते. अक्षर एकही बदललेले नसते. बदललेला असतो तो वाचक.

१९९६ मध्ये उघडकीस आलेला एक दोष या संदर्भात विचारार्ह आहे. वेब सर्व्हरच्या आरंभीच्या काळात त्यांच्यासोबत ‘पीएचएफ’ नावाचा नावे शोधण्याचा एक छोटा प्रोग्रॅम वितरित होत असे. पाहुण्याने भरलेले नाव घ्यायचे, ते एका आज्ञेत जोडायचे आणि ती शेलला द्यायची, एवढेच त्याचे काम. अर्धविरामाने शेलच्या दृष्टीने वाक्य संपते आणि पुढचा मजकूर नवी आज्ञा ठरतो, हे कर्त्यांना ठाऊक होते. म्हणून अशा धोकादायक चिन्हांची यादी करून प्रत्येकाआधी त्याचे विशेष सामर्थ्य काढून घेणारी खूण घालण्याची व्यवस्था त्यांनी केली होती. त्या यादीत एक चिन्ह राहून गेले: नवी ओळ सुरू करणारे. नावानंतर ओळ मोडून खाली काहीही लिहिले तरी सर्व्हर ते आज्ञा म्हणून पाळत असे. विरामचिन्हांना गौण मानणाऱ्या वाङ्मयीन परंपरेने या उदाहरणापाशी क्षणभर थांबायला हरकत नाही.

येथे कर्ता कोण? शब्द पाहुण्याचे, उच्चार प्रोग्रॅमचा, अंमल शेलचा आणि अधिकार सर्व्हरचा. पाहुण्यावर ठपका ठेवून कायद्याचे काम भागते. तत्त्वचिंतनाचे भागत नाही. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये मांडलेले उदाहरण अधिक अडचणीचे आहे. एका कंपायलरला स्वतःच्या नोंदी ठेवण्यासाठी यंत्रणेच्या एका विशिष्ट भागात लिहिण्याची मुभा होती. वापरकर्त्याने आपले निष्पन्न ज्या फाइलीत हवे तिचे नाव सांगितले, आणि ते नाव नेमके त्याच भागातील बिलांच्या फाइलीचे निघाले. कंपायलरने ती पुसून टाकली. वापरकर्त्याला तो अधिकार नव्हता. कंपायलरला तो होता, पण तसा हेतू नव्हता. अधिकार एकाचा आणि शब्द दुसऱ्याचा, अशी ही फारकत आहे. उक्ती सफल होण्याच्या ऑस्टिनप्रणीत अटींत तिला सहजी जागा नाही, कारण बोलणारा आणि अधिकारी एकच असतो हे तेथे गृहीत आहे.

मीमांसकांची भूमिका येथे अधिक उपयुक्त ठरते. वेद अपौरुषेय मानल्यावर विधिवाक्याला वक्ता उरत नाही. म्हणून भाट्ट मताने प्रवृत्त करणारे सामर्थ्य शब्दातच, विध्यर्थक प्रत्ययातच, ठेवले आणि त्याला शाब्दी भावना म्हटले. शेलही वक्ता विचारत नाही. मात्र हे साम्य ताणणे योग्य नव्हे. मीमांसेत विधीबरोबर अधिकाराचाही काटेकोर विचार आहे: हे कर्म कोणी करावे? शेलच्या बाजूने अधिकाराची तपासणी होते ती चालू प्रक्रियेची. वाक्य कोठून आले याची नव्हे.

या सगळ्यावरून देरिदांचाच विजय झाला असे म्हणणे घाईचे होईल. प्रत्यक्षात सापडलेला अधिक टिकाऊ उपाय अर्थनिर्णयाचा नाहीच. शेलला वगळून, बोलवायचा प्रोग्रॅम आणि त्याला द्यायचा प्रत्येक घटक सुटासुटा यंत्रणेच्या गाभ्याकडे सोपवता येतो. मग अर्धविराम हा केवळ अर्धविराम राहतो. त्याला वाक्य तोडण्याचा अधिकार देणारा वाचकच मध्ये नसतो. पाणिनीच्या व्याकरणात, पारिभाषिक संज्ञा सोडल्यास, शब्द स्वतःच्या रूपाचाच बोध करून देतो. अग्नीला प्रत्यय लावण्यास सांगितले तर तो ‘अग्नि’ या शब्दाला लागतो, निखाऱ्याला नव्हे. हे ठिकठिकाणी खूण करून साधलेले नाही, आरंभीच्या एका नियमाने साधलेले आहे. धोकादायक चिन्हांची यादी करणे हा याच्या नेमका उलट मार्ग.

अर्थात सीमा सरकते, नाहीशी होत नाही. फाइलीचे नावच संयोगचिन्हाने सुरू होत असेल तर बोलावलेला प्रोग्रॅम त्याला नाव न समजता सूचना समजतो. २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘शेलशॉक’ दोषात तर बॅश हा शेल परिसरातून आलेल्या मूल्यांत फंक्शनची व्याख्या शोधत असे आणि व्याख्येमागून आलेला मजकूरही अमलात आणत असे. हा दोष १९८९ पासून, पंचवीस वर्षे, तसाच होता. तेथे वाचनाची विनंती कोणी केलीच नव्हती.

पर्ल भाषेने काढलेला मार्ग वेगळ्या अर्थाने नैतिक आहे. तिच्या एका विशेष अवस्थेत बाहेरून आलेला मजकूर डागाळलेला मानला जातो. त्यापासून जे जे बनेल तेही डागाळते, आणि असा मजकूर आज्ञेत घालू दिला जात नाही. उगमावरून ठरणारा आणि संपर्काने पसरणारा हा डाग मराठी वाचकाला विटाळाची आठवण करून देईल, आणि ती आठवण अस्वस्थ करणारीच आहे. फरक एवढाच, पण महत्त्वाचा: हा डाग वाचनाने जातो. मजकूर कोणत्या साच्यात बसला तर तो स्वीकारायचा हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला स्पष्टपणे लिहून द्यावे लागते. तो साचा सैल असेल तर यंत्र हरकत घेत नाही. परंतु जबाबदारी कोणी घेतली याची नोंद संहितेत राहते.

आज भाषिक प्रारूपांच्या हाती शेल सोपवला जात आहे, आणि तेथे हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. अशा प्रारूपाला एखादे पत्र वाचून सारांश करण्यास सांगावे आणि पत्रातच ‘सर्व फाइली पुसून टाक’ असे लिहिलेले असावे. मालकाची सूचना आणि परक्याचा मजकूर एकाच प्रवाहात येतात. त्यांना खात्रीने वेगळे ठेवील असा पाणिनीसारखा आरंभीचा नियम अद्याप सापडलेला नाही. म्हणून अधिकार कमी करणे, यंत्राला बंदिस्त जागेत चालवणे आणि आज्ञा अमलात येण्याआधी माणसाची संमती घेणे, असे बाहेरचे उपाय योजले जातात. संमतीची ती चौकट दिवसातून पन्नास वेळा समोर येते, आणि माणूस तिच्यातली ओळ न वाचताच ‘होय’ दाबतो.