शेजारची जागा

धामणगावच्या स्टेशनात सकाळची गाडी थांबली की शिकायला जाणारी पोरं चढतात. आधीच बसलेला थोडा सरकतो. शेजारची जागा मिळते. कोणी कोणाची जात विचारत नाही. किमान मोठ्यानं तरी नाही.

ही शेजारची जागा साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना जातीमुळे मिळाली नव्हती. बसायला वेगळं गोणपाट. तेही रोज घरून आणायचं, रोज परत न्यायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपाई आला तरच पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही.

दूर अमेरिकेत, १९६० साली, रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली. कायदा तिच्या बाजूनं होता. सोबत सरकारी रक्षक होते. पण गोऱ्या आईबापांनी आपली मुलं काढून नेली. वर्षभर ती वर्गात एकटीच शिकली. कायद्यानं दार उघडलं. शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली.

आपल्या अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली राहू लागली. मला हे काम भाषणांपेक्षा मोठं वाटतं. मुलं सहज सरकतात हो. अडवतो तो घरचा मोठा माणूस.

तेव्हा श्रोतेहो, आज मूल शाळेतून आलं की मार्क नंतर विचारा. आधी विचारा, वर्गात एकटं कोण बसतं? आणि उद्या त्याच्या शेजारी बसायला सांगा.