साक्षीदार कोण?

ज्या कृत्याला कोणी साक्षीदार नाही, त्याचा न्याय कोणी करावयाचा, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच जुना आहे. आम्हां वकिलांना त्याचे उत्तर सोपे वाटते. पुरावा नसेल तर आरोप टिकत नाही. न्यायालयापुरते हे उत्तर योग्यच आहे. एका निरपराध्याला शिक्षा होण्यापेक्षा काही अपराधी सुटलेले बरे, असे मानल्यावाचून सुसंस्कृत राज्य चालत नाही. परंतु पुराव्याअभावी सुटलेला मनुष्य स्वतःच्या मनाच्या कचेरीतूनही सुटतो काय? हा प्रश्न आम्हांला नव्याने पडला तो गोल्फसारख्या चैनीच्या मानल्या जाणाऱ्या खेळाच्या निमित्ताने, याचे वाचकांस नवल वाटेल.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आम्हां काही मित्रांचा परिपाठ असा की, दरवर्षी ऐन थंडीत गोवा एक्स्प्रेसने मडगाव गाठावे, दक्षिण गोव्यात समुद्रकाठी तीन-चार दिवस गोल्फ खेळावे आणि श्रीमंगेशाचे दर्शन घेऊन परतावे. खेळणारे सगळे हौशी. कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी पेढीवाले. मंगेशीशी ग्वाल्हेरचे नाते आजचे नाही. पोर्तुगीज अमलात १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आलेल्या या दैवताला मंगेशी गाव इनाम मिळाला तो १७३९ साली, पेशव्यांकडून; आणि त्यासाठी शब्द टाकणारे रामचंद्र मल्हार सुखटणकर हे राणोजी शिंद्यांचे दिवाण होते. तेव्हा शिंद्यांच्या शहरातील मंडळींनी त्या देवळाच्या पायरीवर डोके टेकावे, हे ओघानेच येते.

तथापि आमच्या समाजातील वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप असतो. ते म्हणतात, "यात्रा करा किंवा चैन करा, एकाच तिकिटावर दोन्ही कशाला?" आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर असे म्हणता येईल की, आपल्या परंपरेने खेळाला हीन लेखलेले नाही. ब्रह्मसूत्रांनी तर ईश्वराच्या सृष्टिरचनेलाच लीला म्हटले; ज्याला काहीही मिळवावयाचे उरलेले नाही, त्याची सहज क्रीडा. पण येथेच आपण सावध झाले पाहिजे. ईश्वराला जिंकावयाचे नसते; आम्हांला असते. लहानसा चषक आणि मित्रांतील वाहवा एवढ्यासाठीही माणसाचे मन किती वाकडे वळण घेऊ शकते, हे खेळातच दिसते. म्हणून खेळ निष्पाप आहे की नाही, हे तो कोणता खेळ आहे यावरून ठरत नाही. तो खेळताना आपण काय करतो यावरून ठरते.

या बाबतीत गोल्फचा एक विशेष आहे. १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ येथे या खेळाचे पहिले लिखित नियम झाले. ते अवघे तेरा होते. आज नियमांचा ग्रंथ झाला आहे, तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. हौशी खेळाडूच्या मागे येथे पंच उभा नसतो. झाडीत एकट्याच्या हातून चेंडू हलला, तर तो फटका त्याने स्वतःच स्वतःच्या खात्यावर लिहावयाचा. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स याने असेच केले. गवतात आपला चेंडू किंचित हलला, असे त्याने स्वतःहून सांगितले. इतर कोणाला ते दिसले नव्हते. त्या एका फटक्यामुळे स्पर्धा बरोबरीत सुटली आणि पुढच्या निर्णायक खेळात तो एका फटक्याने हरला. हा जोन्स जन्मभर हौशीच राहिला, आणि व्यवसायाने तो वकील होता, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. लोकांनी प्रामाणिकपणाची स्तुती केली तेव्हा त्याने विचारले की, बँक लुटली नाही म्हणून कोणाची स्तुती करतात काय? त्याचे म्हणणे खरे आहे. प्रामाणिकपणा हा अलंकार नव्हे. तो अंगावरचा किमान कपडा आहे.

पण 'इतर कोणाला दिसले नव्हते' या शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे. आमच्या एका फेरीत असाच प्रसंग आला. शेवटून दुसऱ्या होलवर एका मित्राचा चेंडू सुरूच्या झाडांपाशी गेला. तो हलला की नाही, असा संशय निघाला. मित्र म्हणाला, "नाही हलला." त्याची पिशवी वाहणारा तरुण कॅडी शेजारीच उभा होता. कोणीतरी त्याला विचारले. त्याने मान खाली घातली आणि तो गप्प राहिला. त्या मौनाचा अर्थ अनुकूल लावण्यात आला आणि चषक त्या मित्राला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राने चषक आणून टेबलावर ठेवला. "तो पोरगा खोटे बोलला नाही," तो म्हणाला, "माझ्यासाठी खोटे बोलण्याची पाळी मात्र मी त्याच्यावर आणली होती."

आम्हांला या वाक्यात आमच्या व्यवसायाचे सगळे दुःख दिसले. ज्याची मजुरी आणि बक्षिसी एका पक्षाच्या हाती आहे, त्याची साक्ष किती मोकळी असणार? प्रत्येक न्यायालयात असे साक्षीदार येतात. कुळे येतात, नोकर येतात, आश्रित येतात. त्यांना दिसलेले असते. बोलणे परवडत नाही. खेळाचा नियम असा की, कॅडीच्या हातून चूक घडली तर दंड खेळाडूला होतो. दोषात त्या दोघांना नियमाने एक केले आहे. सत्य सांगण्याच्या अधिकारात मात्र समाजाने त्यांना वेगळे ठेवले आहे. 'कोणी पाहिले नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की, आपण ज्याला मोजतो अशा कोणी पाहिले नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला याच न्यायाने राजसभेत उभी आहे. कालिदासाने दुर्वासाच्या शापाची आणि अंगठीची योजना करून राजाला सोडविले. महाभारतातला दुष्यंत मात्र सर्व आठवत असूनही नाकारतो. गांधर्वविवाहाला मनुष्य साक्षी नव्हता आणि ती तर अरण्यातली मुलगी. ती त्याला बजावते की, पाप करणारा आपण एकटे आहोत असे समजतो, परंतु सूर्य-चंद्र, वारा, भूमी, जल आणि त्याचे स्वतःचे हृदय हे सर्व पाहत असतात. अखेर आकाशवाणी होते, तेव्हा राजा तिला स्वीकारतो. आकाशवाणी प्रत्येक खटल्यात होत नाही. म्हणूनच हृदयाचे नाव त्या यादीत घातलेले आहे.

त्या यादीत भूमी आणि जलही आहेत, हे आम्हां खेळाडूंनी विसरू नये. हा खेळ वाढला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, शेत आणि समुद्र यांच्यामधल्या रेताड, नांगराला निरुपयोगी पट्ट्यावर. तेथे कोणाचे पीक बुडाले नाही. आज तशी जमीन सर्वत्र मिळत नाही. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल येथे योजलेल्या गोल्फच्या मैदानाला २०१४ च्या सुमारास ग्रामस्थांनी विरोध केला, तो आपल्या काजूच्या बागांसाठी आणि कुळहक्कांसाठी. त्या वादाचा निकाल देण्याचे हे स्थान नव्हे. पण एका फटक्याचा हिशेब काटेकोरपणे लिहिणाऱ्या आमच्या कार्डावर पाण्याचा आणि जमिनीचा रकाना नसतो, हे मान्य केले पाहिजे. लहान हिशेबात चोख आणि मोठ्या हिशेबात आंधळा, असा सज्जन मनुष्य आपल्या समाजात दुर्मिळ नाही. देवळाच्या दानपेटीपाशीही तो भेटतो.

मग खेळ सोडावा काय? आमच्या मते नाही. खेळातील एक नियम आमच्या मनात ठसला आहे. समोरासमोरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा अखेरचा लहानसा फटका त्याला न मारताच माफ करता येतो; स्वतःचा फटका स्वतःला माफ करता येत नाही. क्षमा आणि न्याय यांची इतकी नेटकी वाटणी कायद्याच्या पुस्तकातही क्वचित आढळते. व्यवहारात आपण नेमके उलट वागतो. सवलत स्वतःला देतो आणि कायदा दुसऱ्याला लावतो. कॅडीची बक्षिसी त्याच्या उत्तरावर अवलंबून राहू नये म्हणून ती आता आरंभीच दिली जाते, आणि संशयाच्या प्रसंगी त्याचा शब्द मोजला जातो. बदल लहान आहे. परंतु ज्याचे पोट आपल्या हाती आहे, त्याला आपल्याविरुद्ध निर्भयपणे बोलता यावे एवढी सोय ज्याने केली, त्याने अंतःसाक्षीला बाहेर एक सोबती मिळवून दिला. अशा मनुष्याने खेळून देवदर्शनास जावे; वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर आमच्यापाशी नाही.