आधी कडेवरचं नाव वाच

चांदीचं ते पदक तू चिंच आणि रांगोळी लावून घासलंस आणि वर मला कौतुकाने दाखवतोस की सर, बघा कसं लखलखतंय. मला काय दिसतंय ते तूच बघ. हे भिंग घे, पदक आडवं धर आणि कड उजेडाकडे वळव. तिथे इंग्रजी अक्षरांत एक ओळ ठोकलेली आहे. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण. त्यातले नंबराचे दोन आकडे आता लागत नाहीत. ते आधीच पुसट झाले असतील, पण उरलासुरला उठाव तुझ्या रांगोळीने नेला. शंभर वर्षांत चांदीवर जी काळपट झाक येते ती घाण नसते. ती त्या पदकाचं वय सांगते. ती काढायला तुला कोणी सांगितलं होतं?

जुन्या बाजारातून तीन पदकं आणि एक बिल्ला घेऊन आलास. स्वतःला संग्राहक म्हणवतोस. मग या चार वस्तूंचं काय केलंस ते एकेक करून पाहू.

पहिलं, हेच चांदीचं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. हे ब्रिटिश वॉर मेडल, १९१४ ते १९२० या काळासाठीचं. हे तुला माहीत होतं, मान्य. पण नाव वाचण्याआधी तू त्याचं वजन केलंस आणि चांदीचा भाव विचारलास. गावोगावच्या सराफांकडे अशी किती पदकं आटली असतील याचा विचार कर. घरात अडचण आली म्हणून ज्या म्हातारीने नवऱ्याचं पदक मोडलं, तिला मी बोल लावणार नाही. तिच्यापुढे चूल होती. तुझ्यापुढे काय होतं?

दुसरं, व्हिक्टरी मेडल. कांस्याचं, पंख पसरलेली विजयदेवता, इंद्रधनुष्यी फीत. ते तू मित्राला देऊन टाकलंस आणि बदल्यात दुसऱ्या महायुद्धाचा बर्मा स्टार घेतलास, कारण तुझ्याकडे बर्मा स्टार नव्हता! व्हिक्टरी मेडल ज्याला मिळालं त्याला ब्रिटिश वॉर मेडलही मिळालेलं असतं, हे या विषयातलं पहिलीच्या वर्गातलं ज्ञान आहे. म्हणजे ही जोडी असण्याची शक्यता होती. दोन्ही कडा शेजारी ठेवून नंबर ताडायला दोन मिनिटं लागली असती. आता चांदीच्या कडेवरचे जे आकडे तू घालवलेस, ते त्या व्हिक्टरी मेडलच्या कडेवर शाबूत असू शकतील, आणि नेमकं तेच तू हातचं घालवलंस. एका माणसाची पदकं एकत्र असली तर त्याच्या नोकरीचा मागोवा घेता येतो. ती फोडली की प्रत्येक तुकडा मुका होतो.

तिसरं पदक तू ‘नकली’ म्हणून बाजूला टाकलंस. का, तर छाप पहिल्या पदकाचाच, पण धातू चांदी नाही. नीट ऐक. ब्रिटिश वॉर मेडल चांदीतली सुमारे ६५ लाख निघाली आणि कांस्यातली सुमारे १ लाख १० हजार. कांस्याची दिली ती मजूर पलटणींना आणि लष्करामागे राबणाऱ्यांना. त्यांत हिंदी होते, चिनी होते, माल्टाचेही होते. ओझी वाहणारा, रस्ते खणणारा, खेचरं हाकणारा असा कोणी माणूस. सरकारने त्याला हलका धातू दिला, आणि शंभर वर्षांनी तू त्याला खोटा ठरवलंस. तुझ्या डब्यातलं सगळ्यात दुर्मीळ आणि सगळ्यात बोलकं पदक तेच आहे. त्याच्या कडेवर काय लिहिलंय ते तू पाहिलंससुद्धा नाहीस.

नाव नाव म्हणून मी का कंठशोष करतोय, तेही समजून घे. इराकमध्ये बसऱ्याच्या नावाचं एक स्मारक आहे. १९१४ पासून १९२१ पर्यंत मेसोपोटेमियात मेलेले आणि ज्यांची कबर माहीत नाही असे ४० हजारांहून अधिक सैनिक तिथे नोंदले आहेत. गोऱ्या शिपायाचं नाव तिथे दगडात कोरलं. आपल्या सुभेदार-जमादारांची नावंही कोरली. पण हवालदार, नाईक, शिपाई? त्यांच्या पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा, इतके मेले. त्यांची नावं वहीत राहिली, भिंतीवर आली नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली ही वागणूक असमान होती असं मान्य करून माफी मागितली. ज्याच्या वाट्याला दगडावरची ओळ आली नाही, त्या मराठी शिपायाच्या पदकाच्या कडेवर मात्र त्याचं नाव ठोकलं गेलं. तो मेला असेल तर ते पदक त्याच्या वारसाकडे गेलं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले, आजही त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. अशा घरांत फोटो नव्हता, पत्रं फारशी नव्हती. धातूवरची ती एक ओळ होती. तिच्यावर तू रांगोळी घासलीस. माझा राग त्याचा आहे.

आणि आता चांदीच्या पदकाला लावलेलं हे लेबल. कोणी लिहिलं? ‘कुत-अल-अमाराचा वीर’. कशावरून? कडेवर ११० मराठा पलटण आहे म्हणून? ११० मराठा मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात होती, १०३ आणि ११७ मराठाही होत्या, हे खरं. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली, हेही खरं. पण पलटण कुतमध्ये होती म्हणून त्या पलटणीचा प्रत्येक शिपाई कुतमध्ये होता असं होत नाही. कोणी आधी जखमी होऊन परतला, कोणी नंतर भरती झाला. या पदकांवर लढाईचं नाव सांगणारी पट्टीही नसते. तू आपल्या मनाने एका माणसाला वेढ्यात बसवलंस, उपाशी ठेवलंस, शत्रूच्या कैदेत पाठवलंस. ज्यांनी ते खरोखर भोगलं त्यांचा हा अपमान आहे. पुरावा जिथे संपतो तिथे लेखणी थांबली पाहिजे.

राहिला बिल्ला. मराठा पलटणीचा ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून तू त्याचे चांगले पैसे मोजलेस. वरचा मुकुट पाहिलास? त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबल्या आहेत. तो एलिझाबेथ राणीच्या काळातला मुकुट. राणी गादीवर आली १९५२ साली, आणि आपण प्रजासत्ताक झालो २६ जानेवारी १९५० रोजी. मग भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर हा मुकुट येईल कुठून? राजाच्या मुकुटाच्या कमानी वर गोल उचललेल्या असतात. पाठीमागूनही पाहा. ठशाने दाबलेल्या बिल्ल्याच्या रेषा धारदार असतात. हा ओतीव आहे, पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत, कडेला कानशीच्या खुणा आहेत. दोन तारखा आठवल्या असत्या तरी फसला नसतास. तुला वस्तू हवी होती, माहिती नको होती, म्हणून फसलास.

अशीच लबाडी पदकांच्या कडेवरही होते. जुनं नाव कानशीने उडवतात आणि भाव यावा म्हणून नामांकित पलटण कोरतात. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोज. ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटरचं असतं, कड घासलेली असेल तर ते कमी भरतं. ठोकलेली अक्षरं आणि हाताने कोरलेली अक्षरं भिंगाखाली वेगळी दिसतात. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटनने आपल्या सैनिकांना बहुतेक बिननावाची दिली, भारतीय सैनिकांना दिलेली मात्र पुष्कळशी नावानिशी आहेत. तेव्हा बदल्यात आणलेल्या त्या बर्मा स्टारची मागची बाजूही आजच बघ.

प्रदर्शनात हीच पदकं छातीवर लावून उभं राहायचा विचार आहे, असं तुझ्या मित्राकडून कळलं. तो आजच्या आज सोडून दे. सैनिक नसताना सैनिकाच्या खुणा मिरवून लोकांना तसं भासवणं हा कायद्याने गुन्हा आहे. शंभर वर्षं पुरी झालेल्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर विकायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, तेही तुझी पदकं विकत मागणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला सांगून टाक.

पुढच्या रविवारपर्यंत मला एवढं झालेलं हवं. मित्राकडे जाऊन व्हिक्टरी मेडल परत आण. तो अडून बसला तर दुप्पट मोबदला दे, पण आण. प्रत्येक पदकाची कड जशी आहे तशी अक्षरशः वहीत उतरव. न लागणाऱ्या आकड्याच्या जागी टिंब दे, अंदाज लिहू नकोस. कडेचे फोटो घे. ते लेबल फाड आणि नव्यावर फक्त कडेवर आहे तेवढंच लिही. विकणाऱ्याला पदकं कोणत्या गावातून, कोणत्या घरातून आली ते विचार आणि तारखेसह नोंदव. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, गावात जा, बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिही. त्या माणसाचे वारस सापडले तर पदकं त्यांच्यापुढे ठेव आणि ते म्हणतील तसं कर. ते परत मागतील, तर पैशाचा शब्द न काढता दे.

हे केलंस तर तुला मला येतं तेवढं सगळं शिकवीन. नाही केलंस, तर तो डबा घेऊन पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस.