वाहत्या पाण्याला दोष नाही?

वाहत्या पाण्याला दोष लागत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घाण पाण्यात सोडली की ती गेली, आपण मोकळे! आम्हीही तसेच समजत होतो. पण ठाण्याच्या खाडीकडे पाहून मन अडखळते.

ही खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. १९६० नंतर तिच्या पूर्वेला, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढले. सांडपाण्याबरोबर पारा, शिसे, जस्त, तांबे खाडीत उतरले. पण ते समुद्राला मिळून संपले म्हणावे, तर तसे नाही. ओहोटीने नेलेले भरती परत आणते. वरच्या अंगाला खाडी अरुंद. तिथून पाणी धड निघतही नाही. मग धातू बारीक गाळाला चिकटून खारफुटीच्या मुळांशी बसतात. शेण कुजते, पान कुजते. शिसे काही कुजत नाही. काळ्या चिखलात गंधकाशी जखडून ते वर्षानुवर्षे पडून राहते. पाऱ्याला तर चिखलातले सूक्ष्म जंतूच अधिक विषारी करतात, आणि ते विष मासळीत चढते.

वरून मात्र सारे गोजिरे! रोहित पक्षी येतात. २०२२ साली खाडी रामसर यादीतही आली.

कोणी म्हणेल, गाळ उपसा. पण ढवळून हवा लागली की जखडलेले धातू पुन्हा सुटतात. मग फेडायचे कोणी? सोडणाऱ्यांतले कित्येक कारखाने केव्हाच बंद पडले. कोळी बापडा तिथेच आहे. त्याने काय केले होते? ओहोटी लागली की तो गुडघाभर चिखलात निवटे धरायला उतरतोच.