खासगी गाडीतून पतियाळा

एअरोसिटीत पत्ता सांगायला एक इंग्रजी मुळाक्षर आणि घराचा आकडा पुरतो. चंदीगडच्या विमानतळाला खेटून, पण मोहालीच्या हद्दीत, पट्टी लावून आखलेली ही वस्ती. ज्या विमानतळावरून तिला नाव मिळालं, त्याची या बाजूची इमारत २०१५ साली सुरू झाली आणि भगतसिंगांचं नाव त्याला २०२२ साली मिळालं. सकाळी फिरायला निघालं की रुंद रस्ते, कोरी घरं आणि डोक्यावरून उतरणारी विमानं. म्हाताऱ्या झाडाखाली बसावं म्हटलं, तर झाडांनाच अजून म्हातारं व्हायचं आहे. भाचीकडे चार दिवस राहायला आलो होतो. माझी चुळबुळ तिने ओळखली असावी. एका सकाळी तिने गाडी ठरवली आणि म्हणाली, "मामा, दिवसभर गाडी तुमची एकट्याची. पतियाळा बघून या."

गाडीवाल्या सरदारजींनी आदल्या रात्रीच फोनवर यादी पाठवली होती. किल्ला मुबारक, शीशमहल, दुःखनिवारण साहिब गुरुद्वारा, कालीमातेचं मंदिर, बारादरी बाग आणि शेवटी खरेदी: जुत्ती, परांदे, फुलकारी. वर मथळा, 'प्रायव्हेट टूर'. मराठीत म्हणायचं तर खासगी सहल.

हा शब्द तोंडात घोळवतच मी गाडीत बसलो. खासगी आता शिकवणीच्या, दवाखान्याच्या आणि बसच्या मागे लागतं, पण शब्द दरबारी आहे. मराठी संस्थानांत राज्याचा वसूल वेगळा आणि राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाची मिळकत वेगळी. या दुसरीला खासगी म्हणत. होळकरांकडे ही वाटणी अगदी काटेकोर होती, दौलत आणि खासगी. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर करून दिली, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. देशभरातले त्यांचे घाट, देवळं, धर्मशाळा यांचा पैसा या खासगीतला. म्हणजे राजाचं जे अगदी स्वतःचं, ते त्याने कशावर उडवलं किंवा लावलं, हे बघितलं की राजा कळतो. पतियाळ्यासाठी मी हीच मोजपट्टी बरोबर घेतली. (एका दिवसापुरता मीही खासगीवालाच होतो. ड्रायव्हर, थंडगार गाडी, पाण्याच्या दोन बाटल्या.)

झिरकपूर, बनूड, राजपुरा असा रस्ता. पासष्टेक किलोमीटर, आणि नजर पोचेल तिथवर गहू. कुठे टेकाड म्हणून नाही. आपल्याला किल्ला म्हटलं की चढ हवा, दम लागायला हवा, वर पोचल्यावर वारा हवा. पतियाळ्याचा किल्ला मुबारक भर बाजारात उभा आहे. भांड्यांची दुकानं, सायकलरिक्षा, जिलबीची कढई, आणि त्यातच अचानक दर्शनी दरवाजा. विटांचा, चुन्याचा, सपाट जमिनीवरचा किल्ला. मावळा इथे आला असता तर त्याला हसू आलं असतं. मला आलं, हे कबूल करतो. ते ओसरायला अर्धा तास लागला.

बाबा आलासिंग या फुलकियाँ घराण्यातल्या सरदाराने १७६३ मध्ये इथे मातीची गढी उभारली. आतला भाग किल्ला अंदरून. त्याच्या भिंतींवरची चित्रं पुसट झाली आहेत, पण डोळे बारीक करून पाहिली तर रंग अजून बोलतात. दरबार हॉलमध्ये शस्त्रं आणि प्रचंड झुंबरं. रणवासात, म्हणजे जनानखान्याकडच्या भागात, २०२५ पासून हॉटेल चालतं. ज्या दालनात परका पुरुष पाऊल टाकू शकत नव्हता, तिथे आता खोलीचं भाडं भरणारा कोणीही झोपतो. याचं मला वाईट वाटलं नाही. पडक्या वाड्यापेक्षा झाडलेला वाडा बरा.

खरी गोष्ट आलासिंगाची. १७६० च्या हिवाळ्यात पानिपतावर भाऊसाहेबांची छावणी दाण्याला महाग झाली, तेव्हा तिकडे धान्य पाठवणाऱ्या मोजक्या माणसांत हा होता. १४ जानेवारी १७६१ ला व्हायचं ते झालं. आलासिंगाने अब्दालीपुढे मान तुकवली, खंडणी मान्य केली आणि मुलूख राखला. इतर शीख सरदार त्याच्यावर भडकले, परक्या बादशहापुढे वाकल्याबद्दल त्याला दोष लावला. १७६२ मध्ये अब्दाली पुन्हा आला. शिखांची ती भयानक कत्तल, वड्डा घल्लूघारा, याच वेळची. त्या फेऱ्यात आलासिंगही सापडला. केस कापण्याचा हुकूम झाला, तेव्हा सव्वा लाख रुपये जास्तीचे मोजून त्याने केस वाचवले, असं सांगतात. दुसऱ्या वर्षी त्याने ही गढी बांधायला घेतली. १७६५ मध्ये त्याच अब्दालीने त्याला राजा हा किताब, नगारा आणि निशाण दिलं, आणि त्याच वर्षी तो वारला.

पुढे पतियाळ्याच्या टांकसाळीतून जो रुपया निघाला, त्यावर अहमदशहा दुराणीचं, म्हणजे त्याच अब्दालीचं, नाव होतं. दुराणी १७७२ मध्ये मेला, त्याचं साम्राज्य विरलं, तरी पतियाळ्याच्या नाण्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला. गादीवरचा राजा बदलला की नाण्यावरचं एखादं लहानसं चिन्ह बदलायचं, एवढंच. यावर नाक मुरडण्याआधी पेशव्यांचा अंकुशी रुपया आठवावा. त्यावरही नाव दिल्लीच्या बादशहाचंच असे. बाजारात नाणं चालायला हवं, नावाचं काय!

दरवाजातून बाहेर पडताना सरदारजींनी मला साहिब कौरची गोष्ट सांगितली. १७९४. राजा साहिबसिंग हलक्या कानाचा आणि कच्चा. सतलजेच्या अलीकडचा मुलूख खंडणीसाठी धुंडाळत मोठी फौज आली. राजाच्या बहिणीने, साहिब कौरने, कारभार आणि तलवार दोन्ही हाती घेतलं, अंबाल्याजवळ मर्दानपूरला गाठ घातली आणि रात्री छापा घालून फौजेला माघारी धाडलं. सरदारजी रंगात आले होते. "मरहट्टे भाग गये!" मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? मी सांगितलं. ते जरा ओशाळले आणि म्हणाले, "पुरानी बात है, अंकलजी."

पुरानी बात खरीच. पण मी हिरमुसलो होतो. अटकेपार झेंडे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे झेंडा असतो. तो ज्यांच्या शेतातून गेला त्यांना तो कसा दिसला, हा विचार करायची सवय नाही. गनिमी कावा आपली मिरास समजून आपण मोठे झालो, आणि इथे एका तेवीस वर्षांच्या बाईने तोच आपल्यावर उलटवलेला. स्वतःच्या गावच्या इतिहासात आपण नेहमी सोसणारे असतो. दुसऱ्याच्या गावात गेलं की कळतं, आपणही कोणाच्या तरी दारात वसुलीला उभे होतो. माझ्या मते परक्या राजधानीचा दिवसभराचा फेरा याच्यासाठीच करावा.

मराठे गेले. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांशी झगडत, मदत मागत या मुलखातून पंजाबात गेले. पतियाळ्याने त्यांच्यासाठी तलवार उपसली नाही. १८०९ मध्ये पतियाळा इंग्रजांच्या छत्राखाली गेलं. अब्दाली, मराठे, इंग्रज: जो वारा येईल त्याप्रमाणे हे गव्हाचं शेत वाकलं. आपण मराठी माणसं अशा राज्याला मनातल्या मनात खालच्या पाटावर बसवतो. आपल्याला पानिपत प्रिय. मोडला पण वाकला नाही, हे आपलं आवडतं वाक्य. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, तट तेवढे उरले, आणि त्या रिकामेपणावरच आपलं प्रेम आहे. कोल्हापूर, बडोदं, ग्वाल्हेर, इंदूर ही वाकून टिकलेली घराणी. त्यांच्याविषयी लिहिताना आपली लेखणी जरा आखडती. तहावर सही करणाऱ्यावर पोवाडा होत नाही. पण कोल्हापूरच्या गादीने इंग्रजांपुढे मान तुकवली नसती, तर १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखणारा हुकूम काढायला शाहू महाराज कोणत्या गादीवर बसले असते? आणि १९०६ मध्ये अख्ख्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणायला सयाजीरावांना राज्य कुठून मिळालं असतं?

म्हणून प्रश्न वाकण्याचा नाही, वाकून जे वाचवलं त्याचं पुढे काय केलं, हा आहे. मोजपट्टी बाहेर काढायची वेळ इथे येते, आणि इथेच पतियाळ्याचं चित्र संमिश्र होतं.

शीशमहल महाराजा नरिंदरसिंगांनी १८४७ मध्ये बांधला. आरशांचं नक्षीकाम, कांगडा शैलीची चित्रं, समोर छोटं तळं आणि त्यावर लक्ष्मणझुला. पदकांचा इथला संग्रह महाराजा भूपिंदरसिंगांनी जमवला. तीन हजारांवर पदकं, जगभरातली, बहुतेक दुसऱ्यांनी मिळवलेली. पराक्रम विकत घेऊन कपाटात ठेवण्याची ही हौस मला गमतीची वाटते. याच भूपिंदरसिंगांनी १९२८ मध्ये पॅरिसच्या कार्तिएकडून हार करून घेतला, २९३० हिरे जडवलेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो खजिन्यातून नाहीसा झाला आणि १९९८ मध्ये त्याचा सांगाडा लंडनमध्ये सापडला, मोठे हिरे गायब. खासगीचा असाही शेवट.

याच राजाच्या काळी, १९३० मध्ये, संस्थानी प्रजा परिषदेने पतियाळ्याच्या कारभारावर आरोपपत्रच छापलं. परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ मध्ये मुंबईत भरलं होतं; राजांविरुद्ध बोलायला राजांच्या हद्दीबाहेरचीच जागा लागे. प्रजामंडळाचे नेते सेवासिंग ठीकरीवाला जानेवारी १९३५ मध्ये पतियाळ्याच्या तुरुंगात उपोषणात गेले. सहलीच्या यादीत त्यांना ओळ नाही. राजनगरीच्या याद्या नेहमी राजाच्याच बाजूने लिहिलेल्या असतात. मखमल दाखवतात, कोठडी गाळतात. पुण्यातल्या आणि कोल्हापुरातल्या आपल्या याद्याही तपासून पाहाव्यात.

पण भूपिंदरसिंगांच्या खात्यावर दुसऱ्या बाजूलाही जमा आहे. १९११ मध्ये हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला, त्याचे कर्णधार हे एकोणीस वर्षांचे महाराज. स्वतः ते फार थोडे सामने खेळले. खेळले ते पळवणकर बाळू. पुण्यात खेळपट्टीची निगा राखण्याच्या नोकरीतून पुढे आलेला, दलित म्हणून चहाही वेगळ्या भांड्यात दिला गेलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज त्या दौऱ्यावर ११४ बळी घेऊन आला. भाऊ शिवराम बरोबर होताच. हिऱ्यांच्या राजाचं नाव संघाच्या माथ्यावर आणि बळी बाळूंच्या बोटांत. क्रिकेटच्या इतिहासात राजांना दिलेली जागा वाचताना मला दर वेळी हे आठवतं. तरीही १९३४ मध्ये रणजी करंडक दिला तो भूपिंदरसिंगांनीच, हे नाकारता येत नाही. पहिल्या वर्षी तो मुंबईने जिंकला, आणि २०२३-२४ पर्यंत बेचाळीस वेळा. हार हरवला, करंडक हातोहाती फिरतो आहे. शिवाजी पार्कातल्या पोराला पतियाळा कुठे आहे ते ठाऊक नसेल, पण तो ज्याच्यासाठी घाम गाळतो ती वस्तू त्या खासगीतून आलेली आहे.

दुपारी जेवून जुन्या मोतीबाग राजवाड्याच्या फाटकापाशी थांबलो. १९६१ पासून इथे राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. देशभरचे प्रशिक्षक इथे तयार होतात, ऑलिम्पिकला जाणाऱ्यांची शिबिरं इथे भरतात. आपल्याकडच्या कुस्ती, ॲथलेटिक्सच्या कितीतरी मुलांनी पतियाळा हे नाव राजासाठी नव्हे, शिबिरासाठी ऐकलेलं असतं. 'पतियाळ्याला बोलावलंय' म्हटलं की घरात पेढे येतात. सरदारजी म्हणाले, आत जाता येत नाही, फोटो बाहेरूनच घ्या. यादीत हे ठिकाण नव्हतंच. मला ते दिवसभरातलं सगळ्यात राजेशाही वाटलं.

बारादरी बाग, मंदिर, गुरुद्वारा उरकले; गुरुद्वाऱ्यात मात्र लंगरची डाळ खाऊन निवांत बसलो. जुत्ती घेतली नाही, पायाला चावते. १९४८ ते १९५६ या काळात पतियाळा हे पेप्सूचं, म्हणजे पतियाळा आणि आसपासच्या संस्थानांच्या राज्याचं, राजधानीचं शहर होतं. ते राज्य पंजाबात विलीन झालं आणि कचेऱ्या चंदीगडकडे गेल्या. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, त्यात पतियाळ्याचे वर्षाचे सतरा लाख होते. आता हे शहर आपल्या मुलांच्या नोकऱ्यांसाठी त्याच मोहालीकडे बघतं, जिथून मी त्याला बघायला आलो होतो.

तुम्ही गेलात तर एक करा. परतताना गाडी राजपुऱ्याने नको, सरहिंदवरून घ्यायला सांगा. अंतर फारसं वाढत नाही. फतेहगढ साहिबला गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांना जिथे भिंतीत चिणलं, तिथे आधी डोकं टेका. मग बाहेर येऊन त्या सपाट शेतांकडे बघा. मार्च १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या फौजेने शीख सरदारांच्या जोडीने सरहिंद घेतलं ते इथेच, आणि छत्तीस वर्षांनी आपण याच मुलखात खंडणी मागायला आलो.